आटपाट नगर लिप्पे

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून एक खोली आहे. नकाशात तिच्यावर ‘सोसायटी ऑफिस’ असं लिहिलंय. ऑफिस म्हणजे एक लोखंडी कपाट, ते बिचारं पहिल्यापासून जिन्याखाली उभं आहे. खोलीत मुलं बसतात. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला आम्ही राहायला आलो तेव्हा बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांत कामाला. कुणी गोळ्यांची पाकिटं भरायची, कुणी बाटल्यांना लेबलं लावायची. मी इलेक्ट्रिकच्या बटणांत स्प्रिंग बसवायची. पोरांना ठेवायचं कुठं? शेवटी मी आणि माझी शेजारीण, आम्ही दोघींनी गाळा सोडला आणि ती खोली उघडली. मी सातवी शिकलेली, ती नववी. “दोघींची मिळून सोळावी झाली, काय घाबरतेस?” असं ती म्हणाली होती.

त्याला आता किती वर्षं झाली ते मोजत बसत नाही. शेजारणीची सून आता बालवाडी चालवते. गाळे बरेचसे बंद झाले, तिथं काचेची ऑफिसं आली, पण आयांचं कामाला जाणं थोडंच थांबलंय? मागच्या वस्तीतल्या पोळीवाल्या, ऑफिसात साफसफाई करणाऱ्या, मॉलमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या, सगळ्यांची मुलं येतात. बिल्डिंगमधलीही येतात. सगळी एकाच सतरंजीवर.

तर ही खोली जाणार होती. मी सांगतेय ती गोष्ट ह्या खोलीची आहे. पण तिच्यात मध्येच एक जर्मन राजा येतो, त्याला माझा इलाज नाही.

झालं काय, आमची बिल्डिंग लहान, चार मजली, लिफ्ट नाही. डावीकडे एक मोठी सोसायटी, उजवीकडे दुसरी. दोघींनी आपापले बिल्डर धरून टॉवरची तयारी केलेली, आणि दोघींकडून आम्हाला निरोप, आमच्यात या. एकट्यानं नवं बांधायला आमच्याकडे जागाच नाही, तेव्हा कुठंतरी मिळायचं हे नक्की होतं. दोन्हीकडचे नकाशे आमच्या सेक्रेटरीनं जिन्यात चिकटवले. मी चष्मा लावून बघितले. जिम होती, ध्यानाची खोली होती, वर झाडांची गच्ची होती. बालवाडी कुठंच नव्हती.

सेक्रेटरी म्हणजे परका माणूस नव्हे, आमच्याच बालवाडीतनं गेलेला. त्याला जिन्यातच गाठला.

“काय रे, पोरं कुठं बसवायची?”

“काकू, टॉवरमध्ये बालवाडी कोण देतो? बाहेरची मुलं लॉबीतनं येणार-जाणार, सिक्युरिटीचा प्रश्न असतो.”

“तू ह्याच बाहेरच्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बसलायस. नाक मी पुसलंय तुझं.”

“म्हणून तर हे सांगताना जीभ रेटत नाही ना माझी.” तो खरंच हिरमुसला. “पण आपण लहान आहोत काकू. आपल्याला घेतायत हेच खूप. आपण काय अटी घालणार?”

आपण लहान आहोत. हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि कांदा चिरतानाही ते माझ्या डोक्यात.

आता जर्मनी. माझी मुलगी तिकडे आहे म्हटलं की लोक लगेच विचारतात, “बर्लिनला का?” नाही हो. ती डेटमोल्ड नावाच्या गावात राहते, तिथल्या इस्पितळात नर्स आहे. नातू तीन वर्षांचा. त्याच उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहून आले होते. सकाळी नातवाला शाळेत सोडायचं काम माझं. नंतर वेळच वेळ. मग मी गावात भटकायची. गावाच्या मधोमध राजवाडा, भोवती पाण्याचा खंदक, त्यात बदकं. तिकीट काढून आत जाता येतं, आणि गंमत म्हणजे एका भागात राजाचे वंशज अजून राहतात. मी मुलीला म्हटलं, “राजा आहे अजून?” ती म्हणाली, “राजा नाही, नुसते घरमालक आहेत.”

तिनंच मग मला हळूहळू सगळं सांगितलं, थोडं तिनं वाचलेलं, थोडं तिथल्या म्हाताऱ्या पेशंटांकडून ऐकलेलं. ह्या मुलखाचं नाव लिप्पे. मुंबईहून मोठा म्हणायचा, पण आपल्या सिंधुदुर्गाच्या पासंगाला पुरणार नाही. शेकडो वर्षं त्याचे आपले वेगळे राजे. आमचं माहेर सावंतवाडी संस्थानातलं, त्यामुळे लहान राजा म्हणजे काय हे मला वेगळं सांगावं लागत नाही. राजा जवळ राहतो, ओळख देतो, आणि मोठ्या राजापुढे वाकतो.

पण मला खरी जवळची वाटली ती तिथली माणसं. जमीन थोडी, तोंडं फार. मग पुरुष वसंतात घराबाहेर पडायचे, चालत चालत हॉलंडपर्यंत जायचे, वीटभट्ट्यांवर राबायचे आणि थंडीला घरी यायचे. मागं शेत बायकांनी सांभाळायचं. मी मुलीला म्हटलं, “अगं, हे तर आमचेच चाकरमानी!” माझे वडील गिरणीत, आई गावी नांगरणीपासून मळणीपर्यंत एकटी. त्यांचा एक पदार्थही आहे, बटाटा किसून, पीठ घालून, जाड घावन केल्यासारखा. त्याच्यावर बीटाचा काळा पाक ओततात. चव बघितली तर थेट आपली काकवी. मी दोन जास्तीच खाल्ले.

हे सगळं डोक्यात घेऊन मी परत आले, आणि लगेच श्रावण लागला.

आमच्याकडे श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा असते. पोरंबाळं सुखरूप राहावीत म्हणून. संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडे जमतात, मी कहाणी वाचते, मग साखर घातलेलं दूध आणि चणे-फुटाणे. सवाष्ण-बिवाष्ण आम्ही केव्हाच सोडलं, सगळ्या येतात. माझी शेजारीणही येते. ती बौद्ध, मूळची बुलढाण्याकडची. ती अक्षता घेत नाही, कुंकू लावत नाही, पण खुर्ची टाकून बसते आणि म्हणते, “तुमची देवी तुम्हाला, चणे मला.”

कहाणी कशी ऐकतात ते ठाऊक असेलच. प्रत्येकीच्या मुठीत चार अक्षता. शेवटी ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटलं की अक्षता वाहायच्या. मध्ये मूठ उघडायची नाही.

त्या शुक्रवारी मी एक कहाणी वाचली. दूध तापायला वेळ होता, म्हणून दुसरीसाठी सगळ्यांनी पुन्हा अक्षता उचलल्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “पोथी राहू द्या काकू, जर्मनीचं सांगा ना.” आणि मी, जिभेला सवय पडलेली, सरळ सुरू केलं, “आटपाट नगर होतं. त्या नगराचं नाव लिप्पे. तिथं एक राजा होता.”

“खयसर इला ह्या?” माझ्या मोठ्या जाऊबाईंनी विचारलं. त्यांना मी वयनी म्हणते. त्या आमच्यात सगळ्यांत वडील, आयुष्य मुंबईत गेलं पण बोलणं मालवणचंच. कानाला थोड्या कमी, पण कहाणी म्हटली की एक शब्द सुटत नाही.

“जर्मनीत, वयनी.”

“बरा. सांग.”

मी सांगत गेले. राजा अचानक वारला. मूल लहान. राणीनं स्वतः कारभार घेतला. मोठमोठे राजे आजूबाजूला लढत होते, तिनं आपलं एवढंसं राज्य त्यातून शाबूत ठेवलं. शेतकरी जमीनदाराला जन्माचे बांधलेले होते, त्यांना सोडवलं. आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आया शेतावर जातात आणि तान्ही-रांगती पोरं घरात कोंडून ठेवतात. म्हणून तिनं एक घर उघडलं. कामाला जाताना आयांनी पोरं तिथं ठेवायची, तिथं त्यांना खायला, खेळायला, सांभाळायला मोठ्या मुली. तेव्हा सगळ्या जर्मनीत असं काही फारसं कुणी ऐकलेलंही नव्हतं.

शेजारणीनं चणे खाणं थांबवलं. “आपल्यासारखंच की गं.”

“आपल्यासारखंच. पुढे ऐक. राणी गेली, मुलगा राजा झाला, त्याच्यामागून आणखी झाले. मग पहिलं महायुद्ध. जर्मनी हरली. लोक म्हणाले, आता पुरे झाले राजे. गावोगावचे राजे खाली उतरले. लिप्पेच्या राजानंही कागदावर सही केली आणि गादी सोडली. रक्त नाही सांडलं. त्या दिवसापासून लिप्पेला म्हणायला लागले मुक्त राज्य. म्हणजे राजा नसलेलं राज्य.”

मी थांबले. सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या.

“मगे?” वयनी म्हणाल्या.

“मग काय? झालं.”

“झाला कसा? राजाक राज्य परत गावला की नाय?”

“नाही वयनी.”

“कित्या? उतलो? मातलो? वसो टाकल्यान?”

“तसं नाही हो. लढाई हरले.”

“तर मग ही कसली कहाणी गो!” वयनी चिडल्या. “कहाणीत राज्य जाता, माका म्हायत आसा. पण परत येता! अशे अक्षता मी खय टाकू?”

आणि बघा, बाकीच्यांचंही तेच. कुणीच मूठ उघडेना. गोष्ट म्हणून ऐकली असती तर सोडून दिली असती, पण मी आटपाट नगर म्हणून बसले होते, आता तिचं फळ दिल्याशिवाय कुणी हलायला तयार नाही. एक जण डाव्या हातानं नाक खाजवतेय. दूध आत उतू गेलं, ते बंद करायला उठली तीही मूठ मिटूनच. मी घाईघाईनं म्हटलं, “पुढं फार वाईट वर्षं आली हो. तो मिशीवाला निवडणुकीला ह्याच एवढ्याशा राज्यात गावोगाव सभा घेत फिरला, आणि नंतर मुक्त राज्य नुसतं नावाला उरलं.”

“म्हणजे राजा गेला आणि राक्षस आला,” एक जण म्हणाली. “काकू, हे तर आणखीच बिघडलं.”

तेव्हा शेजारीण खुर्चीतून म्हणाली, “ए, तुम्ही त्या राजाचं काय घेऊन बसल्यात? गेला तर गेला, घरी बसला असेल आरामात. त्या पोरांच्या घराचं काय झालं ते सांग.”

आणि मला ते ठाऊक नव्हतं! एवढं सगळं ऐकून आले, पण हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

“लाव फोन पोरीला,” ती म्हणाली.

आपल्याकडे संध्याकाळ म्हणजे तिकडे दुपार. मी व्हिडिओ कॉल लावला, फोन समईजवळ तांब्याला टेकवून ठेवला. मुलगी रस्त्यात उभी दिसली.

“काय गं आई, आज शुक्रवार ना? पूजा झाली?”

“अडलीय. त्या राणीनं पोरांसाठी घर उघडलं होतं ना, त्याचं पुढं काय झालं?”

ती हसायलाच लागली. “आई, तू रोज ह्याला कुठं सोडायला जात होतीस?”

“शाळेत.”

“त्याच राणीच्या नावाचा न्यास आहे. अजून मुलांच्या शाळा चालवतो. आत पॅसेजमध्ये बाईंचा फोटो होता, बघितला नाहीस?”

बघितला होता की! मला वाटलं, जुन्या हेडमास्तरीण असतील. रोज नमस्कारही करायची.

“थांब, मी त्याला न्यायलाच आलेय,” म्हणत तिनं फोन फिरवला. हिरवं फाटक, बुटांची रांग, भिंतीला मुलांनी रंगवलेले हातांचे पंजे, आणि त्यातून एका पायात बूट घालून आमचं ध्यान धावत येताना. सगळ्या बायका एकदम ओरडल्या, “आला, आला!”

“म्हणजे राज्य गेलं, पण ते राहिलं,” शेजारीण म्हणाली. “कसं काय राहिलं?”

मुलगी नातवाला दुसरा बूट घालता घालता सांगत होती. त्या शाळांच्या न्यासाचं तिला बारकाईनं ठाऊक नव्हतं, पण राज्याचं ठाऊक होतं. दुसऱ्या लढाईनंतर एवढंसं राज्य एकटं टिकणं शक्य नव्हतं. दोन बाजूंना दोन मोठी राज्यं, दोघांनाही लिप्पे हवं. तेव्हा लिप्पेचे लोक दोघांशीही बोलले. तुम्ही काय देता? तुम्ही काय देता? आमची जी सामायिक मालमत्ता आहे ती आमच्याच लोकांसाठी राहील. सरकारी कचेरी आमच्या गावात येईल. आणि आमच्या शाळेत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं एकत्र बसतात, ती वेगळी काढायची नाहीत. ज्यानं हे कबूल केलं त्याच्यात ते गेले. “त्या मोठ्या राज्याच्या चिन्हात खाली अजून लिप्पेचा गुलाब आहे आई. तू फोटो काढलायस त्याचा.”

“दोघांशीही बोलले?” शेजारणीनं मला विचारलं, मुलीला नाही.

“दोघांशीही.”

“आपल्यालापण दोघं आहेत की गं. डावीकडचे आणि उजवीकडचे.” ती उठून उभीच राहिली. “आणि आपण नुसतं कोण घेतंय ते बघत बसलोय!”

दूध थंड होत होतं. मी म्हटलं, चला, आता तरी मुठी उघडा. सुफळ संपूर्ण. सगळ्यांनी अक्षता वाहिल्या. वयनींनी मात्र नाही. त्यांनी पदराचं टोक ओढलं, त्यात आपल्या अक्षता घातल्या आणि गाठ मारली.

“ह्या त्यांचा झाला,” त्या म्हणाल्या. “आपल्या पोरांच्या खोलीचा काय? तवसर मी टाकूचंय नाय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सेक्रेटरीच्या दारात. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काकू, ते जर्मनीत झालं.”

“मग?” शेजारीण म्हणाली. “तिथं काय माणसं नव्हती?”

“रस्तो कोणाचो?” वयनींनी विचारलं.

सेक्रेटरी दारातून बाहेर आला आणि रस्त्याकडे बघायला लागला. कारण खरी गोम तिथंच होती. मोठा रस्ता फक्त आमच्या बिल्डिंगला लागतो. दोन्ही मोठ्या सोसायट्या गल्लीच्या आत. आणि मुंबईत रस्ता जेवढा रुंद तेवढं उंच बांधता येतं, हे वयनींना टीव्ही बघून ठाऊक, त्याला कामामुळे ठाऊक. आम्ही लहान होतो, पण दारात होतो.

“बोलून बघू,” तो म्हणाला. एवढंच, पण त्याच्या पाठीचा कणा जरा सरळ झाला.

डावीकडच्यांनी आम्हाला छान सरबत पाजलं. खोली देऊ म्हणाले, वरच्या मजल्यावर, एसी वगैरे. पण फक्त मेंबरांची मुलं. शेजारणीच्या सुनेनं विचारलं, “बाकीची?” ते म्हणाले, “बाकीच्यांचं बाकीचे बघतील.” आम्ही सरबत संपवून उठलो.

उजवीकडच्यांनी सरबत दिलं नाही, सरळ मीटिंगलाच बोलावलं. त्यांचे चेअरमन तसे सज्जन, पण गाडी तिथंच अडली, बाहेरची मुलं. ते बोलत असताना मागच्या रांगेतून त्यांच्याच सोसायटीतली एक बाई उभी राहिली. “अहो, ती बालवाडी बंद असते त्या दिवशी माझी पोळीवाली येत नाही. पोरं कुणाकडे ठेवणार ती? कायमची बंद केलीत तर पोळ्या तुम्ही लाटणार का?”

“माझ्याकडे भांडीवालीचं तेच,” दुसरी म्हणाली.

“चेअरमनना लाटणं द्या!” तिसरी. हॉलभर हशा. चेअरमनही हसले, काय करतील? घरी गेल्यावर त्यांनाही पोळी लागतेच.

तेव्हा आमचा सेक्रेटरी उठला. त्यानं नकाशा घेतला आणि पेनानं तळमजल्यावर एक चौकोन काढला. “लॉबीचाच प्रश्न आहे ना? मग ह्या खोलीचं दार लॉबीत काढायचंच नाही. सरळ रस्त्यावर काढू. मुलं बाहेरून येतील, बाहेरून जातील. आणि खोली बालवाडीचीच राहील, सगळ्यांच्या मुलांसाठी, हे करारात येईल. हे मान्य असेल तर आमचा रस्ता तुमचा.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. नाक पुसल्याचं चीज झालं म्हणायचं.

एकदम हो नाही झालं. बरेच दिवस घोळ चालला, बिल्डरच्या माणसानं चौकोन लहान करून आणला, आम्ही मोठा करून परत पाठवला. पण ते वर्ष सरायच्या आत सह्या झाल्या. करारात आमच्या खोलीचा परिच्छेद आहे, सेक्रेटरीनं मला तो मोठ्यानं वाचून दाखवला. दाराची दिशासुद्धा लिहिलीय.

आता बिल्डिंग रिकामी करायचीय. टॉवर होईपर्यंत बालवाडी मरोळला एका गाळ्यात भरणार. मी जाऊन बघून आले. आमच्या बटणांच्या गाळ्याच्या दोन दारं अलीकडे आहे. तेच उंच छत, तीच जाळीची खिडकी. शेजारणीची सून भिंतीला पिवळा रंग मारत होती. मुलीनं फोनवर दाखवलेलं मी तिला सांगितलं, म्हणून एका भिंतीवर मुलांच्या हातांचे पंजे उमटवायचे ठरलेत.

सह्या झाल्या त्या संध्याकाळी मी वयनींकडे गेले. म्हटलं, “वयनी, सोडा आता गाठ.” त्यांनी पदर बदलला की गाठ नव्या पदरात जायची, रोज, इतके महिने. शेवटी त्यांनी ती सोडली. तांदूळ काळपटले होते, एकदोन टोके, तांदळातले किडे, त्यातून चालायला लागले.

“बघ, हेंचाय घर झाला,” वयनी म्हणाल्या.

त्यांनी दाणे तळहातावर पसरले, बोटानं दोन वाटे केले. एक वाटा भिंतीवर राहून गेलेल्या जिवतीच्या कागदाला वाहिला. दुसरा परत पदरात बांधला.

“आता आणि कित्या?” मी विचारलं.

“सुफळ झाला,” त्या गाठ आवळत म्हणाल्या. “संपूर्ण खय झाला? दार उघडा दे, पोरा आत बसा दे. तेव्हा बघूया.”

वय विचारू नका त्यांचं. टॉवरला किती वर्षं लागतात तेही त्यांना सांगू नका. मी त्यांना एक स्टीलची डबी देऊ केली, टोके तरी होणार नाहीत म्हणून. नको म्हणाल्या, पदरातच बरं. परवा बालवाडीत मुलांना बघायला आल्या तेव्हाही कमरेला ती गाठ होती, आणि दोन पोरं ती सोडायच्या खटपटीत होती.